किनुएताईंचा डिसेंबर

"किनुएताई, तुमचे तास संपले," हानाओकासाहेबांनी कामाचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. "डिसेंबरात येऊ नका."

दरवर्षीचंच होतं हे. बायकोची वर्षाची कमाई सरकारने आखलेल्या रेघेपुढे गेली की नवऱ्याची करातली सूट जाते, त्याच्या कंपनीकडून बायकोपोटी मिळणारा भत्ताही जातो. म्हणून आम्ही अर्धवेळच्या बायका वर्ष सरत आलं की घरी बसतो. या सुपरमार्केटात अकरा वर्षं मी बटाट्याचे कोरोक्के तळतेय, पण एकाही डिसेंबरात नाही.

यंदा मात्र तळणविभागाला प्रमुख नेमायची होती. "वर्षअखेरच्या गर्दीत जी उभी राहील, तिलाच," साहेब म्हणाले. म्हणजे मिसुझुला. ती घटस्फोटित, तिला रेघेची भानगड नाही. तिला झारा धरायला मी शिकवलं होतं. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला.

घरी येऊन हात दोनदा धुतले. त्याशिवाय तेलाचा वास जात नाही.

"अगं, तू जास्त राबलीस तर घरात उलट कमीच येईल," माझे यजमान तेत्सुओ म्हणाले.

"हा कसला कर? राबणाऱ्याला शिक्षा?"

"मी थोडाच केलाय! तू केला असतास तर कसा केला असतास?"

"जिचे कष्ट, तिचा हिशोब. नवरा कोण, हे विचारायचंच नाही."

त्यांनी सूपचा वाडगा पुढे ओढला.

माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी मिसुझु म्हणाली, "मजा आहे बाई तुमची! महिनाभर आराम. मला ताप आला तरी उभंच राहावं लागतं. हेवा वाटतो तुमचा."

माझा हेवा! मला तिची दया यायला हवी होती. आली नाही.

तीस डिसेंबरला मी गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभी होते. मिसुझुच्या छातीवर प्रमुखाचा नवा बिल्ला होता. कढईचा आवाज कानावर आला आणि मला कळलं, तेल थंड पडलंय. एकदम फार कोरोक्के सोडले होते तिने. 'होऊ देत तेलकट,' मी मनात म्हटलं. तेवढ्यात तिने घाबरून वर पाहिलं.

"ताई, असे का होताहेत हो हे?"

मी कढईकडे पाहिलं. मग म्हणाले, "निम्मे काढ. तेल तापू दे. एका वेळी सहाच सोड." आणि जाता जाता, "हे माझ्या तासांत धरू नकोस हं."

घरी आले, कोरोक्क्यांची पुडी टेबलावर ठेवली आणि हात धुतले. हातांना तेलाचा वास नव्हताच. तरी पुन्हा एकदा धुतले.