पंगतीच्या नावानं

“मुक्ते, देवाच्या नावानं दिलं, की मागं वळून बघू नको. कुठं गेलं, कुणी खाल्लं, इचारू नको.”

सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण मुक्ताबाईंच्या कानात तो आवाज अजून तसाच होता. म्हणून निराधाराच्या पगारीसाठी उत्पन्नाचा दाखला मागायला त्या गेल्या, अन् कपाळाला बुक्का लावलेले तलाठी भाऊसाहेब म्हणाले, “मावशी, मला तुमचा रुपया नको. यंदा सप्त्याची पंगत माझ्याकडं हाय, तिथं काय द्यायचं ते द्या,” तेव्हा त्यांना उलट बरंच वाटलं. कनगीच्या तळाशी राहिलेली तूर त्यांनी पाखडून, निवडून कोतवालाच्या हवाली केली. दाखला त्याच दिवशी मिळाला. देवाचं काम कसं अडत नाही, असं त्या मनाशी म्हणाल्या.

गाव निम्मं ऊसतोडीला गेलेलं. घरांना कुलपं, आडात कचरा. मुक्ताबाईंच्या घरात बोलणारं माणूस नव्हतं. सकाळी हरिपाठ म्हणायचा तेवढाच आवाज. पहिली भाकरी गाईला दिल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. स्वतःच्या दावणीला काही उरलं नव्हतं, तेव्हा गल्लीच्या टोकाला केसरबाईच्या गाईपुढं त्या रोज भाकरी धरत. दोन शब्द व्हायचे ते तिथंच.

गाईच्या बरगड्या दिसू लागल्या, तशी केसरबाई म्हणाली, “आक्का, दिंद्रुडच्या रस्त्याला दूध सोसायटीनं छावणी काढलीय. चारा हाय, पाणी हाय. पण गाय माझीच हाय म्हून तलाठ्याचा दाखला पायजे. अन् त्यो म्हणतो पंगतीला द्या.”

“मग दे की.”

“आमी जयभीमवाले. तुमच्या सप्त्याचं अन् आमचं काय? तुमच्या पंगतीत आमचं पान कुठं मांडत्यात, ते म्हाईत हाय मला.” केसरबाई हसली, पण डोळ्यांनी नाही.

“देवाचं नको मानू. भुकेल्याच्या तोंडी पडंल, एवढंच मान. माझ्या शब्दावर दे.”

“तुमच्या शब्दावर देते, आक्का. त्याच्या बुक्क्यावर न्हाई.”

केसरबाईनं दुधाचं आलेलं सगळं बिल देऊन टाकलं. भाऊसाहेबांनी ते ठेवून घेतलं अन् पंगतीला कमी पडतंय म्हणून तिला पुन्हा यायला सांगितलं. ती पुन्हा गेली, पुन्हा देऊन आली. दाखला काही निघाला नाही.

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी मुक्ताबाई पोळपाट-लाटणं काखेत घेऊन मारुतीच्या देवळात गेल्या. पंगतीच्या पोळ्या लाटायला त्या दरसाल पहिल्या असायच्या. देवळामागं चूल नव्हती, कढई नव्हती, बायका नव्हत्या. सभामंडपात एकटे माणिकराव गळ्यात विणा घेऊन उभे होते.

“माणिकराव, पंगत कुठं मांडलीय?”

“कसली पंगत? टँकरचं पाणी प्यायला पुरंना. गावानं कवाच ठरवलं, यंदा नुस्ता विणा उभा ठेवायचा.”

“अन् भाऊसाहेबांकडं दिलेलं?”

माणिकरावांनी नजर मारुतीकडं वळवली. “सप्ता संपस्तोवर ह्यो विणा मला खाली ठेवता येत न्हाई. मला नको ते बोलाय लावू नका. सगळ्या गावाला म्हाईत हाय. तुमालाच कसं न्हाई?”

मुक्ताबाई पायरीवर बसल्या. दान दिल्यावर विचारायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलं. त्यांच्या तुरीपुरतं ते ठीक होतं. पण केसरबाईच्या दुधाचं काय? ते तर त्यांनी देवाला मधे घालून तिच्या हातातून काढून घेतलं होतं.

घरी येऊन त्यांनी भाकरी केली अन् पदराखाली धरून केसरबाईच्या दाराशी नेली. गाय बसून होती. मान उचलून तिनं बघितलं, उठली नाही.

“केसर, पंगत नव्हतीच गं.”

“कळलं मला. पाण्याच्या टँकरवर बाया हासत हुत्या. म्हणं आक्कानं तुला चांगली पंगतीत बसवली.” ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “तलाठ्यानं फसवलं त्याचं काई वाटंना. त्यो तसलाच हाय. पण मी त्याला दिलंच नव्हतं, आक्का. मी तुमाला दिलं हुतं.”

मुक्ताबाईंनी पदराखालची भाकरी गाईपुढं धरली.

“आज भाकरी नको. ऱ्हाऊ द्या.”

भाकरी तशीच परत आली. मुक्ताबाईंनी ती शिंक्यात ठेवली अन् त्या दिवशी पाण्यावरच राहिल्या. दुपारभर उंबऱ्यात बसून होत्या. गल्लीतून कुणी गेलं नाही. दिवेलागणीला त्या पुन्हा केसरबाईच्या दाराशी गेल्या अन् बाहेर उभं राहूनच बोलल्या.

“उद्या तहसीलीत जाते. मी काय दिलं, तू काय दिलंस, अन् कुणी घेतलं, त्याचं नाव घेऊन साहेबापुढं सांगते. तुझा दाखला घेतल्याबिगर परत येत न्हाई.”

आतून केसरबाई म्हणाली, “त्यो तुमचाच दाखला खोटा ठरवील. पगार बंद हुईल. खासाल काय?”

“बघू.”

“अन् सोबतीला कोण येतंय? माणिकराव?”

“कुणी न्हाई.”

“मी आले आस्ते. पण हिला अशी टाकून कशी येऊ?”

“तू हिच्यापाशीच ऱ्हा.”

सकाळी त्यांनी फुलपात्रातलं निम्मं पाणी तुळशीला घातलं, निम्मं स्वतः प्यायल्या. हरिपाठ म्हणताना मधेच ओळ चुकली, तेव्हा पहिल्यापासून म्हटला. धुतलेलं लुगडं नेसल्या. आपला दाखला घडी करून पिशवीत घातला. तोही तूर देऊनच मिळालेला, साहेबापुढं ठेवायचा होता. मारुतीच्या देवळावरून जाताना माणिकरावांनी तोंड फिरवलं. भाऊसाहेबांच्या दाराशी कोतवाल झाडत होता.

“मावशी, एवढ्या सकाळी कुठं?”

“तहसीलीत,” मुक्ताबाई हळूच म्हणाल्या, अन् एसटीच्या फाट्याकडं चालू लागल्या.