ओसाकाला गेलेली तीट

मित्रांनो, मी एक जुनी पितळी काजळाची डबी आहे, आणि मला स्वस्थ बसवत नाही. माझं झाकण सैल आहे. घरात कुणी जोरात पाऊल टाकलं तरी मी फळीवर खुळखुळते. चिमाबाई म्हणतात, "ही डबी हाय का घुंगरू?" पण झाकण सैल असलं तर माझा काय दोष? आणि या वर्षी आमच्या घरात शांत कोण होतं, ते तरी सांगा!

माझा जन्म सोलापुरातला. एका तांबटाने मला ठोकून घडवलं, चिंचेने लख्ख घासलं आणि गड्ड्याच्या जत्रेत मांडलं. अक्कलकोटकडच्या निंगव्वांनी मला तिथे विकत घेतलं. त्यांच्या घरात कानडीच बोलत. निंगव्वा एरंडेलाचा दिवा लावून त्यावर ताटली पालथी धरायच्या आणि जमलेली काजळी तुपात खलून माझ्यात भरायच्या. त्यांची लेक चिमा लग्न होऊन वळसंगला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या ओटीत घातलं.

वळसंगात माझा काय थाट होता! कुणाकडे बाळ जन्मलं की चिमाबाईंना बोलावणं यायचं. त्या माझ्यात बोट बुडवायच्या आणि बाळाच्या गालावर काळा ठिपका लावायच्या. तीच तीट. देखण्या लेकराला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. दुसऱ्याचं तोंड काळं करूनही जिची वाहवा होते, अशी या जगात मी एकटीच असेन.

असो, नमनालाच घडाभर तेल गेलं. आता तेलाचीच गोष्ट सांगते.

चिमाबाईंची सून सोनाली. ती सासूला आत्या म्हणते. लेकासुनेबरोबर चिमाबाई जुळे सोलापूरला राहायला आल्या, तेव्हा मीही आले. चिमाबाईंच्या हातचं माक्याचं तेल केसांना फार चांगलं. सोनालीने बँकेतली नोकरी सोडली, एमआयडीसीत एक शेड घेतली, परवाने काढले आणि 'माका' नावाने ते तेल बाजारात आणलं. सुरुवातीला खूप खपलं. मग तसल्याच तेलांची गर्दी झाली आणि दुकानदार फोन उचलेनासे झाले. शेड बंद पडायची वेळ आली.

तेवढ्यात पुण्याच्या एका प्रदर्शनात सोनालीला हारुकोबाई भेटल्या. त्यांचं जपानमध्ये, ओसाकाला, केसांच्या तेलांचं आणि साबणांचं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "एक खेप पाठवा. पसंत पडली तर पुढे घेत राहू." सगळा भार त्या एका खेपेवर येऊन पडला. ती परत आली असती, तर शेडचं शटर कायमचं खाली गेलं असतं.

सोनालीच्या पायाला भिंगरी लागली. लेबल बदल, बाटली बदल, तपासणी कर. शेवटी बाटल्यांना पांढरीशुभ्र खोकी मिळाली. मला वाटलं, आता माझीही वर्णी लागणार. चिमाबाईंनी विचारलंसुद्धा, "काजळ न्हाय का धाडायचं?"

"काजळाचे नियम लई कडक हायेत, आत्या. तेलच जाऊ दे," सोनाली म्हणाली.

मला वाईट वाटलं. कालच्या बाटल्या परदेशी निघाल्या आणि मी मात्र फळीवरच.

माल निघायच्या दिवशी सोनाली कागदपत्रांवर सही-शिक्के घ्यायला बाहेर गेली. शेडमधून आणलेली खोकी बैठकीत रचलेली होती. चिमाबाईंनी नातीला, छोट्या सृष्टीला, न्हाऊ घातलं, तिच्या गालाला तीट लावली आणि मला हातात धरून त्या खोक्यांसमोर थबकल्या.

"आगं बया, किती देखणी दिसत्यात! परक्या मुलकाला निघाली लेकरं, आन् बिनतिटीची?"

त्यांनी प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्याला एक-एक ठिपका लावला, ती मोठ्या खोक्यांत भरली आणि त्यांना स्वतःच चिकटपट्टी मारली. सोनाली आली, गाडी आली, माल गेला. मी आनंदाने इतकी खुळखुळले की सृष्टी दचकली. माझं काजळ जपानला निघालं होतं!

मग सुरू झालं वाट बघणं. सोनालीचा घास हातात आणि डोळे फोनवर. फोन वाजला की चिमाबाई दारात, मी फळीच्या कडेला. सगळ्यांचा जीव टांगणीला.

अखेर निरोप आला. सोबत एक फोटो होता. पांढरं खोकं, कोपऱ्यात काळा डाग. हारुकोबाईंनी लिहिलं होतं, 'सगळ्या खोक्यांवर आहे. ही बुरशी आहे का? माल परत पाठवावा लागेल.'

"आत्या, हा डाग कसला?" सोनालीने फोन पुढे धरला.

"डाग न्हाय, तीट हाय की ती," चिमाबाई कौतुकाने म्हणाल्या.

"तिकडं खोक्याला सुरकुती पडली तरी माल घेत न्हाईत, आन् तुमी काजळ लावलं? सगळं मातीत घातलं की!"

तिने मला उचलून आपटलं. माझं झाकण घरंगळत कॉटखाली गेलं. चिमाबाईंनी वाकून ते काढलं, पदराने पुसलं आणि मला लावलं.

"वाईट व्हावं म्हणून लावलं का गं म्या?" एवढंच त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी माझ्या काळ्या रंगाची पहिल्यांदा लाज वाटली.

सोनालीने हारुकोबाईंना व्हिडिओ कॉल लावला. ती इंग्रजीत सांगू लागली, पण तिटीला शब्दच सापडेना. डाग म्हणावं तर डाग नव्हे. शाई म्हणावं तर शाई नव्हे.

"दृष्टिबोट्टु म्हण की," चिमाबाई मागून म्हणाल्या. त्यांच्या माहेरची कानडी जणू ओसाकात घरोघरी बोलतात!

सोनालीला हसू आणि रडू एकदमच आलं. एवढ्यात सृष्टी रांगत येऊन आईच्या मांडीवर चढली आणि फोनमध्ये डोकावली. गालावर सकाळची तीट. हारुकोबाई पुढे झुकल्या. त्यांनी नकळत स्वतःच्या गालाला बोट लावलं. सोनालीने लेकीच्या गालाकडे बोट दाखवलं आणि मग पडद्यावर हारुकोबाईंच्या समोर असलेल्या खोक्याकडे.

"सेम," ती म्हणाली. "आम्ही हे आमच्या लेकरांनाच लावतो."

हारुकोबाईंनी ते खोकं उचलून त्याचा कोपरा न्याहाळला. मग त्यांनी विचारलं, "प्रत्येक खोक्याला लावलंत?"

सोनालीने मराठीत सांगताच चिमाबाईंनी मान हलवली. "व्हय. एकबी सोडलं न्हाय."

हारुकोबाईंनी मान लववून नमस्कार केला. म्हणाल्या, माल परत पाठवणार नाही, खोकी तेवढी बदलून घेईन. एक खोकं मात्र आहे तसंच गल्ल्यापाशी ठेवीन. पुढच्या खेपेवर ठिपका नको, गिऱ्हाइकांना कळणार नाही.

तेल खपलं, मित्रांनो. दुसरी खेप मागवली गेली. ती भरायच्या दिवशी चिमाबाईंनी मला स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवलं आणि पाठ फिरवून भाकरी थापत बसल्या. माझा जीव नुसता तळमळत होता. सोनालीने एकेक खोकं कापडाने पुसून भरलं. चिकटपट्टी हातात घेतली आणि थांबली.

मग ती आत आली, स्टुलावर चढली आणि तिने मला खाली काढलं. मी नेहमीसारखी खुळखुळले. चिमाबाईंचा भाकरीवरचा हात थांबला, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सोनालीने मोठ्या खोक्याच्या झाकणाला आतून, कुणाला दिसणार नाही असा एक ठिपका लावला. बोट काळंच राहिलं होतं, ते तिने स्वतःच्या कानामागे पुसलं.

"लागली का गं?" आतून चिमाबाईंनी विचारलं.

"व्हय, आत्या."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी डबी मागे पडली असेल. तिला चिंचेने घासा, पुढच्या फळीवर ठेवा आणि रिकामी ठेवू नका. माझ्यात आता तळाशीच काय ते काजळ उरलं आहे. पण सोनालीने काल एरंडेल आणलं, आणि दिव्यावर ताटली कशी पालथी धरायची, ते ती आत्याला विचारत होती.