बुधवारचं हिरवं कार्ड

त्या यंत्राचं कागदोपत्री नाव दीड ओळीचं होतं, पण अणुवीज प्लांटमध्ये सगळे त्याला चोंबडी म्हणत. अणुभट्टीशेजारच्या इमारतीतल्या लांब बोळात, भिंतीला टेकून ती उभी असायची. बोळातली हवा ओढायची, तिच्यातली धूळ कागदी गाळणीवर धरायची आणि त्या धुळीत किरणोत्सर्ग सापडला की बोंब ठोकायची, एवढंच तिचं काम. पण समुद्र दोनशे पावलांवर. खारी दमट हवा तारांत शिरली की चोंबडी काही नसताना किंचाळायची. मग सगळी माणसं हातातलं काम टाकून बाहेर धावायची, मुखवटे चढवायची, आणि अर्ध्या तासानं कळायचं की काहीच झालेलं नाही. भट्टी बंद ठेवून इंधन बदलायचे चाळीस दिवस आले की चोंबडीला आईबहिणीवरून शिव्या पडत, कारण त्या दिवसांत वरून एकच धोशा असतो: आटपा, आटपा.

तिची बाजू घेणारी एकटी ओतिलिया सामुदिओ. किरणोत्सर्ग मोजण्यात तिची बावीस वर्षं गेली होती आणि पेन्शनला दीड वर्ष उरलं होतं. नव्या पोरापोरींना ती पहिल्याच दिवशी चोंबडीसमोर उभं करायची.

"हा काटा बघा. कसा थरथरतोय? किरणोत्सर्ग थोडा थोडा सगळीकडे असतोच, दगडात असतो, केळ्यातही असतो. म्हणून जिवंत यंत्राचा काटा झोपलेल्या बाळाच्या पोटासारखा हलत राहतो. ही ओरडली तर घाबरू नका. काटा ठार थांबला, तर घाबरा."

आणि दर बुधवारी ती स्वतः चोंबडीची परीक्षा घ्यायची. भांडारात शिशाच्या डबीत नाण्याएवढी एक चकती असते, तिच्यात मोजूनमापून किरणोत्सारी पदार्थ भरलेला. ती चकती यंत्राजवळ धरायची. काटा उडाला तर यंत्र शहाणं, नाही उडाला तर आंधळं. शहाणं असलं की तारीख आणि आपली आद्याक्षरं लिहून हिरवं कार्ड लटकवायचं. 'ओ. सा.' ही दोन अक्षरं कार्डावर दिसली की प्लांटमध्ये कुणी पुढचं वाचतच नसे.

त्या वर्षी इंधन बदलताना तिची मुलगी युरिदियाही सफाईच्या टोळीत कामाला लागली होती. वय चोवीस, जीभ आईसारखीच तिखट. गळ्यात बाप्तिस्म्याच्या वेळचं चांदीचं पदक. ते पदक घालणारा तिचा पाद्रिनो, तिचा धर्मपिता, म्हणजे फौस्तिनो, ओतिलियाच्या पाळीचा प्रमुख. पोरीला त्यानं चर्चमध्ये हातांवर धरलं, त्या दिवसापासून तो आणि ओतिलिया एकमेकांचे कोम्पाद्रे-कोमाद्रे झाले. हे नातं त्या मुलखात रक्ताच्या वर धरतात. त्याआधी, शाळेत एका बाकावर बसल्यापासून, दोघं एकमेकांना अरेतुरे करत. बाप्तिस्म्यानंतर रीतीप्रमाणे 'तुम्ही' आलं, आणि त्या 'तुम्ही'त पूर्वीच्या 'तू'पेक्षा जास्त माया होती.

ओतिलियाच्या आईला जाऊन वर्ष झालं ते नेमकं त्याच धामधुमीत, एका बुधवारी. वर्षाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, गावाकडे होती आणि रजा तर सगळ्यांच्याच बंद.

"कोमाद्रे, जा तुम्ही," फौस्तिनो म्हणाला. "आई एकदाच जाते आणि वर्षही एकदाच भरतं. माझी मेलिता पण येतेय ना मिस्सेला? तिच्याच गाडीतून जा."

"आणि माझी फेरी?"

"मी बघतो. कागदावर तुम्ही इथेच आहात."

"चोंबडी विसरू नका हं. चकती धरल्याशिवाय कार्ड नाही."

"तुम्ही मला शिकवता? तुमच्या आधी दोन वर्षं लागलोय मी इथं!"

ओतिलियाला भरून आलं. मिस्सेत फौस्तिनोची बायको मेलिता तिच्या शेजारी गुडघे टेकून बसली, दोघी मिळून रडल्या. येताना ओतिलियानं केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तमालेस भरून एक टोपलं फौस्तिनोसाठी आणलं.

गुरुवारी सकाळी बोळातून जाताना तिच्या लक्षात आलं की चोंबडी गप्प आहे. बाहेर उत्तरेचा वारा सुटलेला, खिडक्यांवर खाऱ्या पाण्याचे सपकारे बसतायत, आणि ही बया गप्प! हिरवं कार्ड लटकत होतं. त्यावर बुधवारची तारीख, सकाळचे दहा, आणि 'ओ. सा.'.

ती थबकली. तिच्या अक्षरांची ती नक्कल तिला खटकली. पण मग तिला वाटलं, त्यानं स्वतःचं नाव घातलं असतं तर मी नव्हते हे उघडं पडलं असतं. कोम्पाद्रेनं माझ्यासाठीच केलंय हे. काट्याकडेही तिनं पाहिलं. काटा चाळीसवर होता. थरथरत नव्हता. तितक्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. शुक्रवारी सकाळीही काटा चाळीसवरच होता. 'बरं झालं, सुधारली एकदाची,' असं ती मनाशी म्हणाली. बावीस वर्षं दुसऱ्यांना जे शिकवलं, ते तिनं त्या दोन सकाळी स्वतःला शिकवलं नाही.

शुक्रवारी दुपारी शेजारच्या खोलीतल्या एका व्हॉल्व्हमधून वाफ झिरपली. थोडीशीच, डोळ्यांना न दिसणारी. युरिदियाची चौघींची टोळी बोळ पुसत होती, दोन तास. चोंबडी ढिम्म. जेवायला निघाल्या तेव्हा दारातल्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या कमानीनं पहिलीला अडवलं, मग दुसरीला, मग चौघींनाही. दिवा लाल, घंटा चालू. युरिदिया आधी हसली. कमानही चोंबडीच्या वळणावर गेली, म्हणाली.

ओतिलिया धावत आली तेव्हा चौघी कागदी झग्यांत बसल्या होत्या, केस ओले, अंग घासून लालबुंद. मोजणाऱ्या पोरानं युरिदियाच्या गळ्याशी मापक नेला आणि तो तडतडला. पदकाच्या नक्षीत धूळ बसली होती. त्यानं कात्रीनं साखळी कापली, पदक पिवळ्या पिशवीत टाकलं, पिशवीवर नंबर घातला.

"ते माझं आहे," युरिदिया म्हणाली.

"आता ते कचऱ्यात जाणार, ताई. परत नाही मिळायचं."

अंगावरचं धुऊन गेलं. श्वासातून आत गेलं होतं ते कसं धुणार? संध्याकाळपर्यंत आकडे आले. वर्षभरात जेवढं चालतं त्याहून जास्त दोन तासांत गेलं होतं. डॉक्टर म्हणाला, लगेच काही होणार नाही. दर तीन महिन्यांनी तपासू. पुढचं आज कुणी सांगू शकत नाही. 'पुढचं' म्हणजे काय ते ओतिलियानं विचारलं नाही. तिला ते पाठ होतं.

चोंबडी उघडली तेव्हा कारण पाच मिनिटांत सापडलं. तारेचं टोक खारानं कुजून तुटलं होतं आणि काटा शेवटच्या आकड्यावर अडकला होता. कधी तुटलं? बुधवारी दहाला यंत्र ठीक होतं असं कार्ड सांगत होतं. म्हणजे नंतर. ओतिलिया सरळ भांडारात गेली आणि चकतीची वही मागितली. भांडारवाल्यानं बोट ठेवून दाखवलं: चकती बुधवारी सकाळी सात वाजता राजधानीला रवाना, वार्षिक तपासणीसाठी. सोमवारी परत येणार.

तिनं ती ओळ तीनदा वाचली. मग ती भांडारातल्या खोक्यावर बसली. दहा वाजता हातात चकतीच नव्हती, तर फौस्तिनोनं तपासलं काय?

शनिवारी फौस्तिनोनं तिला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर दालचिनी घातलेली कॉफी, दोन कप. डोळे सुजलेले. रडला होता खरा.

"पोर कशी आहे?"

"बसून असते. बोलत नाही."

"माझीही पोरच आहे ती, कोमाद्रे. रात्रभर डोळा नाही लागला." त्यानं कप तिच्याकडे सरकवला. "सोमवारी राजधानीतून चौकशीवाले येतायत. फार खोलात जाऊ नका. समुद्रकाठ आहे, खार आहे, यंत्र बिघडलं. तपासलं तेव्हा ठीक होतं, मागाहून बिघडलं. कुणाचाच दोष नाही."

"तपासलं कशानं?"

"कशानं म्हणजे? चकतीनं."

"चकती सात वाजता गाडीत होती."

फौस्तिनोनं कपातली कॉफी ढवळायला घेतली. साखर कधीच विरघळली होती.

"सकाळपासून तीनदा किंचाळली होती ती," तो शेवटी म्हणाला. "वरून फोनवर फोन. मग एकदम गप्प झाली. मला वाटलं, देवानं ऐकलं. कार्ड नसतं तर बोळ बंद ठेवावा लागला असता पाच दिवस, चकती येईपर्यंत. पाच दिवस, कोमाद्रे! मला कच्चं खाल्लं असतं."

"मग तुमचं नाव घालायचं."

"माझं नाव कोण मानतं? मी काय, सगळ्यावर सही करतो, सगळ्यांना ठाऊक आहे. तुमची अक्षरं होती म्हणून कुणी वर मान करून विचारलं नाही."

हे तो इतक्या सहज बोलला, की ओतिलियाला आधी कौतुकच ऐकल्यासारखं वाटलं. मग ते आत जाऊन लागलं. दरोडेखोरानं दार फोडलं असतं तर तिनं ओरडून गाव गोळा केलं असतं. यानं तर मायेनं तिला मिस्सेला धाडलं आणि मागे केसानं गळा कापला, तोही तिच्या एकटीचा नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं युरी त्या बोळात काम करते."

"ठाऊक होतं. पण काही होईल असं कुणाला वाटलं होतं?" त्यानं आवाज खाली आणला. "आणि नीट विचार करा. बुधवारी मी नव्हते असं म्हणालात, तर रजेशिवाय ड्यूटी सोडून गेलात हे आधी लिहिलं जाईल. दीड वर्ष राहिलंय तुमचं. कागदावर तुम्ही इथेच होता."

"तू मला भीती घालतोस?"

तेवीस वर्षांनी तिच्या तोंडून 'तू' निघाला होता. दोघांनाही तो ऐकू आला.

"कोमाद्रे..."

"तू घातलेलं पदक पिवळ्या पिशवीत आहे, फौस्तिनो. कचऱ्याच्या ड्रममध्ये. त्याच्यावर नंबर घातलाय." ती उठली. तिच्या कपाला तिनं हात लावला नव्हता.

रविवारी ती चर्चला गेली नाही. पेन्शनचे कागद काढून बसली, वाचले, परत ठेवले. शेजारच्या खोलीत युरिदिया भिंतीकडे तोंड करून पडली होती. आयुष्यात खोटं न लिहिलेल्या बाईला एकदा खोटं बोलायला सांगितलं की तिला ते किती सोपं वाटतं, याची ओतिलियाला त्या दिवशी भीतीच वाटली. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. हो, मीच तपासलं.

सोमवारी चौकशीच्या खोलीत राजधानीचे दोघे, कोपऱ्यात फौस्तिनो. त्यातल्या बाईनं हिरवं कार्ड टेबलावर ठेवलं.

"ही आद्याक्षरं तुमची?"

"माझ्या नावाची. लिहिली मी नाहीत."

फौस्तिनो खुर्चीतून अर्धवट उठला.

"बुधवारी मी इथे नव्हते. रजा नव्हती तरी आईच्या मिस्सेला गेले होते. माझ्या शेजारी यांची बायको बसली होती, तिला विचारा. आणि भांडारातली चकतीची वही मागवा. मला काढायचं तर काढा, पण हे आधी लिहून घ्या."

बाईनं लिहून घेतलं. फौस्तिनो परत खुर्चीत टेकला. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून खाली बघत राहिला. ओतिलियाचं ओळखपत्र तिथल्या तिथेच काढून घेतलं.

ती बाहेर आली तेव्हा युरिदिया बाकावर बसली होती, बोलावणं येण्याची वाट बघत. गळ्याशी घासल्याची लाल रेघ अजून होती. ओतिलिया तिच्या शेजारी बसली. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटत होतं, आणि पोरीला ते सांगायची घाई झाली होती.

"सांगितलं सगळं. ते कार्ड माझं नव्हतं गं युरी. तुझ्या पाद्रिनोनं लिहिलं होतं. माझी अक्षरं चोरली त्यानं."

युरिदियाचं बोट गळ्याशी, पदक असायचं तिथे गेलं.

"टोळीतली रेमेदियोस म्हणत होती, मुखवटे घालू या," ती म्हणाली. "दमट आहे, चोंबडीचा भरवसा नाही म्हणाली. मीच हसले तिला. म्हटलं, माझ्या आईची अक्षरं आहेत, चल गप."

"त्यानं फसवलं आपल्याला, बाळा. दोघींनाही."

"हो." युरिदियानं वळून तिच्याकडे पाहिलं. "पण मा, तू तर गुरुवारी त्या बोळातून गेली होतीस. शुक्रवारी पण. मी पाहिलं ना तुला, चोंबडीपाशी उभी होतीस."

ओतिलियानं बोळाच्या दाराकडे पाहिलं.

"ती अक्षरं तुझी नाहीत हे तुला कळलंच असेल. मग कार्ड काढलं का नाहीस?"

बोळात नवी तार बसवून झाली होती. हवा दमट होती आणि चोंबडी किंचाळायला लागली. आत कुणीतरी "मुखवटे!" म्हणून ओरडलं, पावलं धावली. बाकावरच्या दोघी तशाच बसून राहिल्या, आणि युरिदिया अजून उत्तराची वाट बघत होती.