मागे सरकणारी सीट

ताईला जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची होती. मी गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करतो, म्हणून तिने मला सोबत नेलं. विकणाऱ्या बाई निवृत्त नर्स. गाडी मुलाची, तो दीड वर्षापूर्वी आजारपणात गेला, हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं.

मोठ्या बॅटरीची ब्याण्णव टक्के क्षमता शिल्लक होती. खालच्या पत्र्याला ठोकर नाही, चार्जिंगचं सॉकेट जळकं नाही. गाडी नुसती उभी असल्याने ब्रेकच्या डिस्क मात्र गंजल्या होत्या.

"दिवे, दारं, सीट चालवणारी छोटी बॅटरी वर्षात तीनदा बदललीत," मी कागद चाळत म्हणालो. "गाडी हलत नाही, मग बॅटरी उतरते कशाने?"

बाई घुटमळल्या. "मी रोज दुपारी येऊन बसते. मागच्या सीटवर. आधी पुढचं दार उघडते."

"पुढचं कशाला?" ताईने विचारलं.

त्यांनी उघडून दाखवलं. ड्रायव्हरची सीट घरघरत मागे गेली, पाठ जराशी कलली. उंच माणसाची बैठक.

"तो बसायचा तेव्हा अशीच जायची."

मला नवल वाटलं नाही. बसणाऱ्याची सवय गाडी लक्षात ठेवते. नव्या मालकासाठी ती पुसावी लागते, म्हणून मी स्क्रीनवर साठवलेल्या बैठकींची यादी उघडली. यादी कोरी होती. सॉफ्टवेअर बदलताना सगळं पुसलं गेलं होतं, चौदा महिन्यांपूर्वीच.

मी बटण दाबून सीट पुढे घेतली, दार लावलं, उघडलं. सीट मागे गेली. पुन्हा पुढे घेतली आणि आता सीटच्या मोटरचा फ्यूजच काढला. दार उघडलं. घरघर झाली नाही. सीट मात्र मागे गेली.

मी फ्यूज परत बसवला. बाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या. त्यांना किती ठाऊक होतं, कोण जाणे.

"काय दोष आहे रे?" ताईने विचारलं.

"तू ही घेऊ नकोस."

बाईंचा जीव भांड्यात पडला, मग त्या वरमल्या. "पुतणीने विकायचा हट्ट धरलाय. आता तिला काय सांगू?"

"सांगा, मेकॅनिकने नापास केली."

छोट्या बॅटरीला लावायचा एक चार्जर माझ्याकडे होता. तो मी पार्किंगच्या भिंतीवरच्या प्लगला जोडून दिला आणि आम्ही निघालो.

फाटकाशी मी वळून पाहिलं. बाई मागच्या सीटवर बसून काहीतरी सांगत होत्या. मध्येच थांबून ऐकत होत्या, मान डोलावत होत्या.