लहूची छपराची गाडी

"माज्या गाडीला कमानी हायत, जाईबाय. बसलात की पाळण्यात बसल्यासारकं," असे म्हणत शिवाने नव्या खटाऱ्याच्या चाकावर थाप मारली.

जाईबाई वरळी कोळीवाड्यातल्या सहा मासळीवाल्यांची पुढारीण. तिने खटाऱ्याभोवती फेरी मारली. लोखंडी आस, रुंद उघडी फळी, ताजा हिरवा रंग. शेजारी लहूची जुनी गाडी. वर वेताचे छप्पर, आत समोरासमोर दोन बाकं. बारा वर्षे ती या बायकांना पाट्यांसकट गिरगावच्या बाजारात नेत होती. लहूला दुसरे काम नव्हते. हे गेले, तर बैल विकून राजापूरला परतायचे.

"लहू, तुजी गाडी म्हातारी जाली रे."

"जाली. तुमी तरी काय काल जन्मलात?"

बायका खिदळल्या. जाईबाई हसली नाही.

"दोनी गाड्या भरा. सारख्या पाट्या, तीन-तीन बाया. ज्या गाडीच्या पाट्या बाजारात पयल्या रिकाम्या, तिला पावसापर्यंत काम."

ती स्वतः कुठल्याच गाडीत न बसता चालत पुढे निघाली. समुद्रालगतच्या बांधावर दोन्ही गाड्यांनी तिला मागे टाकले. तिथेच शिवाचा खटारा लहूच्याही पुढे गेला.

"दादा, या सावकाश! मी जेवून घेतो तवर!"

लहूने बैलांना चाबूक दाखवला नाही. मागे छपराखाली काशीबाईने पाटी उघडली होती. तिच्यासोबतच्या दोघी कोळंबी सोलत होत्या, काशीबाई कोयत्याने सुरमईचे तुकडे पाडत होती. बारा वर्षांत या रस्त्याचा एकही खड्डा लहूला अनोळखी राहिला नव्हता.

"हात वर!" तो ओरडे. कोयता उचलला जाई. चाक खड्ड्यात उतरून वर येई, आणि कोयता पुन्हा चालू लागे. ताडदेवपर्यंत तो सतरा वेळा ओरडला. बोट कुणाचेच कापले नाही.

खटाऱ्यात तुळसा आणि दोघीजणी दोन्ही हातांनी कठडा धरून बसल्या होत्या. कमानी गाडीला उडवत होत्या, ऊन थेट मासळीवर पडत होते.

शिवा बाजारात पाव तास आधी पोचला. गिऱ्हाईक जमलेच होते. पण बोंबील, मांदेली, कोळंबी सगळे एकत्र झालेले. तुळसा निवडायला बसली.

"आवर की गं, चुलीवर कालवण ठेवायचंय," एक बाई खेकसली.

तेवढ्यात लहूची गाडी आली. काशीबाईने मागून पानावरचे तयार वाटे उतरवले. सोललेली कोळंबी वेगळी, तुकडे वेगळे. खेकसणारी बाई आधी तिकडे वळली, मग बाकीच्या.

जाईबाई पोचली तेव्हा लहूच्या पाट्या रिकाम्या होऊन पालथ्या पडल्या होत्या. तुळसाच्या दोन अजून भरलेल्या होत्या.

"पन पयला मी आलो!" शिवा म्हणाला.

"आलास खरा. मावरं नुसतं पोचवून काय करू? इकायचं असतं रे पोरा," जाईबाई म्हणाली. मग लहूकडे वळून, "पावसापर्यंत तूच."

तुळसाच्या पाट्या संपल्यावर सहाही जणी लहूच्या गाडीत चढल्या. खटाऱ्यातल्या पाट्याही त्यांनी आत ओढल्या. मागे जाईबाईला जागा उरली नाही. ती पुढे आली.

लहूच्या शेजारी आजवर कोणी बसले नव्हते. तो एका बाजूला सरकला, खांद्यावरचे उपरणे काढले, फळी पुसली आणि त्याचीच घडी करून तिथे ठेवली.