दबाव नाही

छप्पन सालच्या वारसा कायद्यानं मुलींना बापाच्या मिळकतीत हिस्सा दिला, मुलींनी तो सोडायचे कागद करायला सुरुवात केली, आणि माझ्यासारख्या अर्जनवीसाचं बरं चाललं. तालुक्याच्या रजिस्ट्री कचेरीसमोर लिंबाखाली बसून दोन वर्षांत साठेक हक्कसोडपत्रं लिहिली. मजकूर तोंडपाठ: राजीखुशीनं, कोणाचाही दबाव नसता.

वडनेरचा केशव थोरल्या बहिणीला, यशोदाबाईला, घेऊन आला. ती अल्लीपूरला दिलेली. आई आधीच गेलेली, बाप गेल्या साली वारला. बारा एकर जमीन, दोघंच भावंडं. कागद झाला की बहिणीला लुगडं नेसवायची रीत. केशवनं ते पिशवीत आणलंच होतं. मी बाईला शिकवून ठेवलं, "साहेब विचारतील, दबाव आहे का. नाही म्हणायचं. पुढं एक शब्द नको." जास्त बोलणाऱ्या पक्षकारांचा मला भारी राग.

आत रजिस्ट्रार साहेबांनी विचारलं, "बाई, कोणाचा दबाव आहे का?"

"नाई जी," ती म्हणाली. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच तिनं पुढं जोडलं, "पन हिस्सा नाई सोडला तं दिवाळीले मले न्यायले कोन येईन? म्हनून सोडून राह्यली."

साहेबांची लेखणी थांबली. "यालाच दबाव म्हणतात, बाई."

"असं?" तिला खरंच नवल वाटलं. "मले वाटलं, मारझोड केली तंच दबाव."

"काऊन बोलून राह्यली तू?" केशव खेकसला. "नाई म्हन अन् अंगठा लाव."

ती त्याच्याकडे वळली. "मले एवढंच सांग, केशवा. अंगठा नाई लावला, तरी येशीन न मले न्यायले?"

एका शब्दाचं उत्तर होतं. खोटं बोलला असता तरी भागलं असतं. तिनं तिथल्या तिथं अंगठा दिला असता. केशव भिंतीकडे पाहत राहिला. साहेबांनी कागद परत केला. म्हणाले, नीट विचार करून या.

केशव बाहेर पडला, बंडी जुंपली आणि एकटाच निघून गेला. एक कागद बुडाला म्हणून मला बाईचा राग यायला हवा होता. आला नाही. आधीच्या साठ जणींची आठवण झाली आणि लाज वाटली.

सहा एकरांवरचा तिचा हक्क शाबूत होता. लिंबाखाली येऊन तिनं पदर सारखा केला आणि मला विचारलं, "बाबूजी, अल्लीपूरची मोटर कुठून सुटते? आजवर भाऊच पोचवून देत होता जी."