खेळते ती, बोलतो तो

सकाळची कामं आटोपली की त्या घरात मधल्या खोलीचं दार लागायचं. आत धाकटी बहीण व्हिडिओ गेम खेळायची आणि बाहेर आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हळू बोला, दादाचं काम चाललंय." दादा त्या वेळी मागच्या खोलीत घोरत असायचा. नव्या गेमचं परीक्षण करणारा म्हणून त्याचं केवढं नाव! गेम घ्यावा की नाही, हे लोक त्याचा व्हिडिओ पाहून ठरवत. आणि या महापुरुषाने कित्येक वर्षांत एकही गेम शेवटपर्यंत खेळला नव्हता. धाकटी खेळायची, धाकटी मजकूर लिहायची आणि दादा दाढी कोरून, कॅमेऱ्यासमोर बसून तो वाचायचा.

सुरुवातीला तीच बोलली होती. प्रेक्षकांनी गेम सोडून तिच्या दिसण्यावर मतं दिली, उरलेल्यांनी तिला स्वयंपाकघराचा रस्ता दाखवला. मग तेच शब्द दादाच्या तोंडी घातले, आणि तीच मंडळी म्हणाली, "याला खरं कळतं." आईने त्यावर घराचा कायदाच करून टाकला. "बाईमाणसाचं कोण ऐकतं गं? नाव त्याचं होऊ दे. घर एकच आहे ना?" नातेवाइकांनाही काही सांगायचं नाही, असं ठरलं. मुलीची अक्कल वापरायची आणि मुलगी लपवायची, याला त्या घरात समजूतदारपणा म्हणत.

त्या दिवशी धाकटी दार उघडून तरातरा बाहेर आली. "दादा, ऊठ. शेवटच्या भागात पडदा सारखा लख्ख होतो नि काळा होतो, थांबतच नाही. माझंच डोकं गरगरलं. ज्यांना फिट येते त्यांनी हा गेम खेळूच नये. कंपनीने कुठेही इशारा दिलेला नाही. मी लिहिलंय, पहिल्याच वाक्यात घे."

दादाने डोळे चोळत मजकूर वाचला आणि नेमकं तेच वाक्य उडवलं.

"वेडी आहेस का? असं बोललो तर पुढचा गेम बाजारात यायच्या आधी मला देतील का ते? उशिरा बोलणाऱ्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

"आपला मावसभाऊ तुझं ऐकूनच गेम घेतो. त्याला फिट येते, विसरलास?"

"मग त्याला फोन कर. सगळ्या जगाला कशाला घाबरवतेस?"

"आई, तू तरी सांग याला."

"त्याच्या धंद्यातलं त्याला कळतं," आई म्हणाली. त्याला काय कळत होतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दादाने ते वाक्य गाळूनच व्हिडिओ टाकला, तशी धाकटीने फोन केला. मावसभाऊ शिलाईच्या कारखान्यात कापड बेतायचा. सगळं ऐकून तो हसला.

"ताई, अगं दादाने आत्ताच सांगितलं, शेवट म्हणजे डोळ्यांचं पारणं फेडणारा आहे! पूर्ण खेळलाय तो. तुला कुणी सांगितलं हे?"

'मी खेळले' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. समोर आई हाताने 'नको नको' करत उभी होती. "ऐकलं कुठेतरी," ती म्हणाली. इथे तिचंही चुकलं, आणि मी ते झाकणार नाही.

ऐकीव गोष्टीला कोण भीक घालतं? रविवारी दुपारी घरी एकटा असताना तो त्या शेवटच्या भागाला पोचला. फिट आली आणि पडताना डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा सगळं संपलं होतं.

बातमी पसरली. लोक दादाला जाब विचारू लागले तशी त्याची पाचावर धारण बसली. कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसून तो धाकटीला म्हणाला, "एक निवेदन लिहून दे ना. ऐकून रडू येईल असं लिही. मी वाचतो."

 संतापाने तिचा आवाज फुटला. "त्याच्या मरणाचं दुःखसुद्धा मीच लिहून द्यायचं? ऊठ त्या खुर्चीतून!"

"अगं, घराची अब्रू..." आई मध्ये पडली.

"मावशीचं घर रिकामं झालंय, आई. ही अब्रू घेऊन तिच्या दारात जाऊन दाखव."

ती कॅमेऱ्यासमोर बसली. कोण खेळतं, कोण लिहितं, कोणतं वाक्य कुणी उडवलं, आपण फोनवर भिऊन काय बोललो, सगळं सांगितलं. "यापुढे खेळेन मी आणि बोलेनही मीच. ऐकायचं तर ऐका," म्हणाली.

मायबाप प्रेक्षकहो, दादा खोटा, कंपनी नालायक, आई आंधळी. या तिघांना शिव्या घालून मोकळं होणं फार सोपं आहे. पण त्या व्हिडिओखाली आलेली पहिली प्रतिक्रियाही वाचा: "ताई, दादाला बोलवा. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय विश्वास बसणार नाही." त्या प्रतिक्रियेवर बघता बघता पसंतीचे शेकडो अंगठे उमटले. त्यांतला तुमचा कोणता, तेवढं शोधा.